डाव्या कोपऱ्याचे वजन

बहात्तरच्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कबड्डीच्या बहुतेक स्पर्धा रद्द झाल्या. ज्या झाल्या, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या एका साखर कारखान्याच्या संघाने जिंकल्या. आमच्या माहितीत हा जिल्ह्यातला पहिला पगारी संघ. त्याचे खेळाडू कारखान्याच्या हजेरीपटावर होते. कोणी शिपाई, कोणी पंपावर मदतनीस, कोणी गोदामावर राखणदार. ही कामे त्यांनी क्वचितच केली. सकाळ-संध्याकाळ ते ऊस उतरवायच्या यार्डाशेजारच्या मैदानावर सराव करत आणि महिनाअखेर इतरांबरोबर रांगेत उभे राहून पगार घेत.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात नवा वार्ताहर होतो. खेळांसाठी वेगळा माणूस नव्हता. नगरपालिकेची सभा नसेल त्या दिवशी मला एसटीने सामन्याला पाठवत. त्यामुळे त्या मोसमातले बरेच सामने मी पाहिले आणि त्या संघाशी ओळख झाली.

पगार घेऊन खेळणे लोकांना पटत नव्हते. कबड्डी ही तालमीची, गावाची, आळीची गोष्ट. गावासाठी गुडघे फोडून घ्यायचे आणि यात्रेत फेटा बांधून घ्यायचा, इतकाच तिचा हिशेब. पारनेरला हा संघ पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा कडेने आरोळी आली, "हजेरी लागली का रं?" दुसरा म्हणाला, "रविवार हाय, आज डब्बल पगार आसंल!" सगळे मैदान हसले. संघ तो सामना हरला. परतताना ते कारखान्याच्या ट्रकमध्ये बसले. मी त्याच ट्रकमधून नगरपर्यंत आलो.

पुढे चित्र बदलले. सोनईत ते जिंकले, कर्जतला जिंकले. दुष्काळामुळे बक्षिसेही वेगळी झाली होती. एका गावाने रोख रकमेऐवजी कडब्याच्या पेंढ्या ठेवल्या. त्या साली कडब्याला जो भाव होता तो पाहता हे बक्षीस मोठे होते. पगारी खेळाडूंना कडबा कशाला, म्हणून संघाचे व्यवस्थापक तो गावालाच परत देणार होते. तेव्हा संघातला एक जण पुढे झाला.

"सायेब, माझ्या वाटनीचा मला द्या."

"तू काय खाणार आहेस का?"

"म्हाताऱ्याची बैलं खातील की."

हा संघाचा डावा कोपरा. कबड्डीत बचावाची फळी अर्धगोलात उभी राहते आणि तिच्या दोन टोकांना दोन कोपरे असतात. चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा धरायचे काम कोपऱ्याचे. हा माणूस जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातला, ऊसतोडणी करणाऱ्या घरातला. वडील बैलगाडी घेऊन दर हिवाळ्यात त्याच कारखान्यावर येत. आई आणि बायको ऊस तोडत, मोळ्या बांधत. तोही दोन वर्षांपूर्वीपर्यंत कोयताच चालवत होता. गाडी खाली होण्याची वाट पाहताना गाडीवान यार्डात कबड्डी खेळत. तिथे संघाच्या मास्तरांनी त्याला पाहिले आणि उचलले.

मास्तर म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक. अंगात बारमाही खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. ते खेळाडूंना नावाने हाक मारत नसत, जागेने मारत. "डावा कोपरा, इकडे ये." त्यामुळे कारखान्यावरही त्याला सगळे कोपराच म्हणत.

कारखान्याच्या अध्यक्षांनी दिवाळीत जाहीर केले होते की मोसमाची शेवटची, नगरची ढाल आणली तर ती जिंकणाऱ्या सात जणांना कायम करू. राखीव खेळाडूंचा त्यात उल्लेख नव्हता. व्यवस्थापकांनी नंतर खुलासा केला की सात म्हणजे अंतिम सामन्यात मैदानात उतरतील ते सात. कायम कामगाराला कारखान्याच्या चाळीत खोली मिळे. बाकीच्या सहांना खोलीचे विशेष नव्हते. त्यांची घरे जवळपासच्या गावांत होती. कोपऱ्याला मात्र खोलीच हवी होती.

त्याची बायको यार्डापलीकडे उसाच्या पाचटाच्या कोपीत सासू-सासऱ्यांजवळ राहत होती. तो खेळाडूंच्या बराकीत. आदल्या हंगामात तिचे पहिले मूल कोपीत जन्मले आणि थंडीत तिथेच गेले. आता तिला पुन्हा दिवस होते. हे मला मास्तरांनी सांगितले, तेही दुधाच्या निमित्ताने.

खेळाडूंना कारखान्याकडून खुराक मिळे: दोन वेळा दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ. बाहेर लोक रेशनची लाल मिलो ज्वारी खात होते आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, तेव्हा हा खुराक साऱ्या परिसराच्या डोळ्यांवर येई. मोसमाच्या सुरुवातीला मास्तरांच्या लक्षात आले की डावा कोपरा दमतो आहे. पाळत ठेवल्यावर कळले की तो दूध तांब्यात ओतून, वर फडके बांधून कोपीकडे नेतो.

"मग मी काय केलं असेल?" मास्तरांनी मला विचारले. "रागावलो. म्हटलं, दूध तुला आहे, तुझ्या बायकोला नाही. तर म्हणतो कसा, मास्तर, घोटा मी धरतो, पन पोटात कोन हाय ते तिच्या हाय. आता याच्यावर काय बोलायचं? त्या दिवसापासून त्याचं दूध माझ्यासमोर. आणि माझ्या वाटचं तिच्याकडे. हे छापू नका."

मी ते छापले नाही. पण मास्तरांसमोर दूध पिऊन डाव्या कोपऱ्याच्या अंगावर मूठ मूठ मांस चढले. त्याचा खेळ खुलला. तो घोट्याला एकदा चिकटला की चढाई करणाऱ्याचा दम संपेपर्यंत सुटत नसे. माघ महिना येईतो प्रेक्षक ओरडायचे थांबले होते. उलट, हा संघ आला की रस्त्याच्या कामावरची माणसे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून मैदानाभोवती बसत. दुष्काळात फुकट पाहण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

नगरची स्पर्धा वजनी गटाची होती. नुसत्या दांडगाईला आळा बसावा म्हणून खेळाडू सत्तर किलोंच्या आतला हवा, असा तिचा नियम. मास्तरांनी आठवडाभर आधी सर्वांची वजने करून घेतली. कारखान्यावर काटे तीन होते. बैलगाड्यांचा मोठा काटा, साखरेच्या गोदामातला काटा आणि यार्डातला छोटा काटा. वाटेत गाडी मोडली की तिच्यातल्या मोळ्या डोक्यावरून आणून या छोट्या काट्यावर टाकत. मैदानाला जवळ म्हणून मास्तरांनी हाच निवडला. डाव्या कोपऱ्याचे वजन अडुसष्टच्या थोडे वर भरले. मास्तर निर्धास्त झाले. दूध चालू राहिले.

आता यार्डातला तो काटा कमी दाखवतो हे कारखान्यावर कोणाला माहीत नव्हते असे नाही. गाडीवान आपसात बोलत. "काटा खातो" हे वाक्य मी स्वतः तिथल्या चहाच्या टपरीवर अनेकदा ऐकले होते. मास्तरांनीही ऐकले असणार. डाव्या कोपऱ्याने तर त्या काट्यावर वर्षानुवर्षे मोळ्या टाकल्या होत्या. तरीही त्या काट्यावर उभे राहताना कोणाच्या मनात शंका आली नाही. नंतर मी त्याला हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "काटा उसाचं खातो हे ठावं हुतं. मानसाचं खाऊन त्याला काय मिळनार, आसं वाटलं आसंल."

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी वजने झाली. मैदानालगत धान्याची एक आडत होती. तिच्या ओसरीवर आडतदाराचा पोती तोलायचा काटा ठेवला होता आणि आडतदार स्वतः दांडीवरचे वजन सरकवत होता. कारखान्याचे गाडीवान आणि तोडणीवाले दोन ट्रक भरून आले होते. त्यांच्यात डाव्या कोपऱ्याचे वडील होते, आई होती, आणि डोक्यावरून पदर घेतलेली बायकोही होती. गाळप त्या दिवशी दुपारपर्यंत बंदच असल्यासारखे असावे.

एकेक खेळाडू काट्यावर चढू लागला. प्रत्येकाचे वजन यार्डात भरले त्यापेक्षा जास्त निघाले, पण सहाही जण मुळात हलके. कोणाच्या ते ध्यानात आले नाही. डावा कोपरा चढला. आडतदाराने वजन सरकवले, पुन्हा सरकवले आणि दांडी एकाहत्तरच्या पुढे जाऊन स्थिरावली.

"जास्त आहे," आडतदार म्हणाला.

संघाचे व्यवस्थापक पुढे आले. कारखान्याच्या शेतकी खात्यातले अधिकारी, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेने. ते शांतपणे म्हणाले, "तुमचा काटा तपासा. आमच्याकडे अडुसष्ट भरलं आहे. सगळ्यांसमोर."

आडतदाराला हे लागले. "साहेब, तीस वर्षं याच काट्यावर धंदा करतोय. तपासायचाय ना? आत्ता तपासू." त्याने आतून दोन हमालांकरवी साखरेचे एक न फोडलेले पोते आणवले. पोत्यावर शिक्का त्याच कारखान्याचा. आत शंभर किलो साखर, शिवण शाबूत. पोते काट्यावर ठेवले. दांडी शंभराच्या पुढे, बारदानाच्या वजनाइतकी सरकून थांबली.

"बघा साहेब. तुमचीच साखर. तुमच्याच गोदामातून तोलून आलेली. बरोबर आहे ना?"

व्यवस्थापक काही बोलायच्या आत मागून एका गाडीवानाचा आवाज आला.

"साखर जाताना बरुबर, ऊस येताना कमी! काटं दोन हायेत, सायेब, दोन!"

 आधी एक म्हातारी हसली आणि मग सगळा जमाव फुटला. कोणी म्हणाले, "कोपऱ्या, लेका तू साखरंच्या काट्यावर उभं ऱ्हायला पायजे हुतंस!" दुसरा म्हणाला, "त्येला ऊस समजले, ऊस!" व्यवस्थापकांनी खिशातले एक पेन काढले, पाहिले आणि परत ठेवले. आपल्या काट्यावर वजन कमी भरले असे ते पुन्हा म्हणू शकत नव्हते. आडतदाराचा काटा चुकीचा असेही म्हणू शकत नव्हते. ते बाजूला जाऊन उभे राहिले.

पंचांनी नियम वाचून दाखवला: सामन्याआधी एकदा पुन्हा वजन करून घेता येईल, तेव्हाही जास्त भरले तर राखीव खेळाडू. राखीव खेळाडू तिथेच उभा होता. विशीतला, वाईट मुलगा नव्हे. त्याने नजर खाली केली. खोली कोणाला मिळणार हे आता त्या काट्यावर ठरणार होते, हे त्यालाही कळत होते.

मास्तरांनी डाव्या कोपऱ्याला घोंगडी पांघरायला लावली आणि सीना नदीच्या कोरड्या पात्रात पळायला नेले. उन्हाळा अजून लागायचा होता, पण वाळू तापली होती. पाणी प्यायचे नाही. तोंडात चिंच, थुंकी आली की थुंकायची. मास्तर सायकलवर काठाने, तो खाली वाळूत. मी काही वेळ काठावर उभा होतो. बायका पात्रात झरे खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या आणि त्यांच्यामधून घोंगडी पांघरलेला एक दांडगा माणूस थुंकत पळत होता. एका बाईने हंडा आपल्याकडे ओढून घेतला.

दुपारी तो मैदानाकडे आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. लिंबाच्या सावलीत बायको बसली होती. तो तिच्यापासून थोडे अंतर ठेवून बसला. तिने त्याच्याकडे न पाहता विचारले,

"किती ऱ्हायलं?"

"म्हाईत न्हाई."

"मास्तरांनी बळं बळं पाजलं आन् आता बळं बळं काढत्यात. आमच्या कोपीवर ऱ्हायला असता तर आपसूक घटलं असतं."

"गप की. लोकं ऐकत्यात."

"ऐकू द्या. मी काय खोटं बोलते?" मग जरा वेळाने, "लई तहान लागली का?"

"न्हाई."

"खोटं."

पदराचे टोक ओले करून त्याच्या ओठांना लावावे तर तेवढे पाणीही जवळ नव्हते. ती नुसती त्याला वारा घालत राहिली.

पुन्हा वजनाला तो फक्त लंगोटावर उभा राहिला. दांडीवरचे वजन सत्तरवर आणून ठेवले होते. दांडी उचलली गेली आणि वरच टेकून राहिली. आडतदाराने बोटाने हलकेच दाबली, सोडली, पुन्हा वर. आता फरक अगदीच थोडा होता. आडतदार म्हणाला, "मूठभराचा प्रश्न आहे." त्याच्या आवाजात सकाळचा राग उरला नव्हता. पण त्याने वजन सरकवले नाही.

मास्तरांनी त्याच्या डोक्याकडे पाहिले. त्याचे केस दाट होते, मानेवर रुळणारे. मिशाही मोठ्या, कानाकडे वळलेल्या. मैदानाच्या कोपऱ्यात झाडाखाली न्हावी बसला होता.

"चल," मास्तर म्हणाले. "डोकं आणि मिशा."

डावा कोपरा जागचा हलला नाही. बाप जिवंत असताना मुलगा मिशा उतरवत नाही आणि चकोट करत नाही. ते बापाच्या दहाव्याला करायचे. जमावातल्या प्रत्येकाला हे माहीत होते. 

"मास्तर, ते नगं," तो म्हणाला. "दुसरं काय बी सांगा. आनखी पळतो."

"वेळ नाही."

"मग राखीव खेळंल. म्हातारा बसलाय तिथं. त्येच्या म्होरं?"

म्हातारा उठला. मुंडासे, खांद्यावर आसूड. बैल आणले नव्हते, तरी आसूड होता. तो गर्दीतून ओसरीपर्यंत आला. मुलाला काही न बोलता तो आडतदाराकडे वळला.

"शेठ, केसं उतरली तर बसंल का?"

"बसेल असं वाटतं."

"वाटतं नगं. बसंल का?"

आडतदाराने एकदा त्या केसांकडे पाहिले. "बसेल."

म्हातारा मुलाकडे वळला. "भादर."

"आबा—"

"भादर म्हनतो ना. मी जित्ता हाय का न्हाई ते मला इचार, न्हाव्याला इचारू नगं. सून कोपीत बाळंतीन करनार हाईस का पुन्यांदा? केसं काय, पावसाबिगर बी उगवत्यात."

न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. त्याने आधी म्हाताऱ्याला समोर बसायला लावले, मग वस्तरा लावला. बापाच्या देखत होते आहे, मागे होत नाही, एवढा भेद त्याने आपल्या परीने ठेवला. आई तोंड फिरवून बसली होती. मिशा उतरल्या तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "आगं बया, ह्यो तर शाळेतला पोरगा दिसतोय," आणि बायका हसल्या. तेवढ्याने वातावरण हलके झाले.

तो पुन्हा काट्यावर चढला. दांडी उचलली, खाली आली, पुन्हा उचलली आणि मधोमध तरंगत राहिली. आडतदाराने दोन्ही हात मागे घेतले, लोकांना दिसावेत म्हणून वर धरले. पंचाने मान डोलावली.

सामन्याविषयी मला जे लिहायचे होते ते तेव्हाच लिहिले. समोर नगरच्या तालमीचा संघ होता. पूर्वार्धात डाव्या कोपऱ्याने दोन पकडी केल्या. त्यातली एक त्यांच्या सर्वांत उंच चढाईपटूची. मध्यंतराला कारखान्याकडे निसटती आघाडी होती. मध्यंतरानंतर त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. दिवसभर पाणी न प्यालेल्या आणि वजनानंतर लगेच मैदानात उतरलेल्या माणसाचे दुसरे काय होणार? मास्तर त्याला बाहेर घेत होते. त्याने हात हलवून नाही म्हटले. मैदानात उतरणे पुरेसे होते. पूर्ण सामना खेळलाच पाहिजे अशी अट नव्हती. मला वाटते, त्या क्षणी त्याला ते आठवले नसावे, किंवा अटीवर त्याचा विश्वास नसावा.

तो कोपऱ्यात जवळजवळ एका पायावर उभा राहिला. शेजारच्याने त्याचा हात धरून ठेवला होता. तालमीच्या खेळाडूंनी हे पाहिले आणि त्यांची प्रत्येक चढाई त्याच्याच अंगावर येऊ लागली. पहिल्या चढाईत तो बाद झाला. संघाने समोरचा गडी टिपला की तो जिवंत होऊन परत येई आणि पुन्हा तेच. पण तिसऱ्या-चौथ्या चढाईपासून एक गोष्ट घडली, जी कोणी ठरवली नव्हती. चढाई करणारा कुठे जाणार हे आता कारखान्याच्या उरलेल्या सहांना आधीच कळत होते. तो डाव्या कोपऱ्याकडे वळला की उजवीकडची फळी मागून त्याच्यावर मिटायची. अशा तीन पकडी झाल्या. त्या तीन पकडींच्या फरकाने ढाल कारखान्याकडे गेली. मास्तरांना मी या डावपेचाबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "डावपेच कसला? पोरगा लंगडत होता."

सामना संपल्यावर त्याला पहिला तांब्या पाणी बायकोने दिला. कुठून आणला ते कळले नाही.

ढालीची मिरवणूक कारखान्यावर निघाली. पण तोवर पूर्वेकडच्या त्यांच्या गावी वेगळीच बातमी पोहोचली होती. ट्रक परतताना वाटेत गावाकडच्या कोणी तरी त्याचे चकोट डोके पाहिले आणि म्हातारा गेला असे सांगत सुटला. चार दिवसांनी गावाकडून एक चुलतभाऊ पायी आणि मिळेल त्या वाहनाने यार्डात आला. म्हातारा गाडीला बैल जुंपत होता. चुलतभाऊ तोंडावर टॉवेल धरून रडायच्या बेतात होता, तो तसाच थांबला.

"आबा, तुमी हाय व्हय!"

"का? तुला काय वाटलं?"

"गावात समदे म्हनत्यात..."

"गावाला सांग, आजून हाय. आन् आलाच हाईस तर जूं धर."

यार्डातला छोटा काटा त्या आठवड्यात उचलला गेला. नवा आला की तोच दुरुस्त होऊन आला, हे मला खात्रीने सांगता येत नाही. कारखान्याने त्याविषयी काही जाहीर केले नाही आणि गाडीवानांनीही विचारले नाही. गाड्या मोडल्या तर ते मोळ्या आता मोठ्या काट्यावरच नेत.

अध्यक्षांनी शब्द पाळला. उसाअभावी गाळप लवकर बंद करावे लागले, तरी त्याआधी सात जणांच्या हातात कायम नेमणुकीचे कागद पडले आणि डाव्या कोपऱ्याला चाळीतली खोली मिळाली. व्यवस्थापकांनी त्याचा कागद सर्वांत शेवटी दिला. पण दिला.

गाळप बंद झाल्याच्या बातमीसाठी मी चैत्रात कारखान्यावर गेलो. धुराडे थंड होते. यार्डात पाचट उडत होते आणि कोप्या मोडून लोक निघून गेले होते. चाळीत डाव्या कोपऱ्याची खोली विचारली. ती शोधावी लागली नाही. तिच्यासमोरच सगळ्यांत जास्त माणसे बसली होती. आईबाप गावाकडे परतले नव्हते. गावच्या विहिरीला पाणी नव्हते. बैल गुरांच्या छावणीत. थोरला भाऊ, भावजय आणि त्यांची मुलेही आली होती. ज्या खोलीसाठी त्याने सारे केले ती दोघांसाठी आणि येणाऱ्या मुलासाठी होती. आता तिथे आठ-नऊ जण राहत होते.

मी ते बोलून दाखवले नाही, तरी त्याला कळले असावे. तो म्हणाला, "त्यांना कुठं धाडू? म्हाताराच तर भादर म्हनला."

बायको दारात आली. दिवस भरत आले होते. तिने मला ओळखले, चहा विचारला, आणि मग पायरीवर बसलेल्या सगळ्यांवर नजर फिरवली.

"जेवनं झाली समद्यांची?"

"झाली," भावजय म्हणाली.

"मग पोरं बी भाइर घ्या."

मुले बाहेर आली. सासू आतून आपली पानाची चंची घेऊन आली. सासरा आधीच भिंतीच्या सावलीत सरकला होता. हे त्यांच्यात रोजचे असावे. कोणी तक्रार केली नाही.

"दुपारच्याला ती घटकाभर निजते," डावा कोपरा मला म्हणाला. "तवा आत कोन न्हाई. मी सुदीक न्हाई."

तिने दार लोटले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही सगळे पायरीवर, सावलीच्या अरुंद पट्ट्यात, एकमेकांना खेटून बसलो. मुलांनी आरडाओरडा सुरू केला तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना बोटाने गप्प केले.